रिकाम्या बसमधली काकू

कोलकात्याहून परतल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. रसगुल्ले आणलेत का, आणि ह्यांना घेऊन एवढ्या लांब जायचं धाडस कसं केलंत? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. रसगुल्ले वाटेतच संपले. दुसऱ्याचं उत्तर जिन्यात उभं राहून देता येण्यासारखं नाही, म्हणून हे लिहायला बसले. प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असेल त्यांनी मात्र दुसरीकडे चौकशी करावी. आम्ही त्यातलं फारसं काही पाहिलंच नाही.

आधी ह्यांच्याविषयी सांगायला हवं. ह्यांची सगळी नोकरी भूमापकाची. जमिनी मोजता मोजता अख्खे तालुके ह्यांनी पायाखाली घातले. निवृत्त झाल्यावरही मिरजेत सकाळी बाहेर पडले की दोन गल्ल्यांपलीकडच्या कामासाठी गावाला वळसा घालून येणार. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालवा ह्यांना. मी म्हणाले, सावकाश चालतील. त्या ‘सावकाश’चं ‘उद्या’ झालं आणि ‘उद्या’चं ‘कशाला उगाच’ झालं. खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत, एका हाताला काठी आणि दुसऱ्या हाताला मी, असा आमचा संसार चालला होता. हे गप्प गप्प राहायला लागले होते. मी ते वयावर ढकललं.

आमची मेधा बँकेत आहे. बदलीवर कोलकात्याला गेली ती तिथे रमली. तिने हट्टच धरला, ‘हिवाळ्यात या, इथे तेव्हाच राहण्यात मजा आहे.’ स्टेशनवर व्हीलचेअर, खालचा बर्थ, गोळ्यांचा डबा अशी जय्यत तयारी करून निघालो. गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. सबंध महाराष्ट्र आडवा कापून पुढे जाताना खिडकीतून जे दिसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि बाकीचा वेळ मी ह्यांना शौचालयापर्यंत नेण्या-आणण्यात घालवला.

बालीगंज

मेधाचं घर बालीगंजातल्या एका जुन्या इमारतीत आहे. लिफ्ट आहे, तिला ओढायचं जाळीचं दार आहे, आणि ते दार नीट लागलं नाही तर ती जागची हलत नाही. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसलो आणि समोरचा रस्ता बघत राहिलो.

थंडी कसली, मिरजेत ह्याला आपण छान हवा म्हणतो. पण रस्त्यावरचा प्रत्येक म्हातारा स्वेटर, मफलर आणि वर माकडटोपी घालून एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखा चाललेला. आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. कोणी काठी टेकत, कोणी पाय ओढत, एक जण तर कमरेत पार वाकलेले, पण पिशवी आहेच.

‘हे सगळे निघालेत कुठे?’ ह्यांनी विचारलं.

‘बाजारात,’ मेधा म्हणाली. ‘भाजी नाहीतर मासे आणायला.’

‘रोज?’

‘रोज, बाबा. फ्रिज भरलेला असला तरी. इथे बाजार करणं हे घरातल्या पुरुषाचं काम. आणि तो किती वेळ चालतो म्हणून सांगू! वांगं दाबून बघायचं, भाव करायचा, वाटेत तिघांशी बोलायचं, चहा प्यायचा, मग घरी.’

मला हसू आलं. आमच्याकडे ह्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं तर मेथी घेऊन यायचे. पण हे हसले नाहीत. ती वाकलेली पाठ कोपऱ्यावरून वळेपर्यंत हे बघत राहिले.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर मेधाकडे आपलाच वरणभात असायचा, पण न्याहारीला लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची दाटसर भाजी, आणि हिवाळ्यात मिळणाऱ्या खजुराच्या गुळाची संदेश नावाची मिठाई. मोहरीच्या तेलाचा वास मला सुरुवातीला नाकात झणझणला, चौथ्या-पाचव्या दिवशी भूक लागली की त्याचीच आठवण यायला लागली. एकदा मेधाने गाडी करून तळ्यावर फिरायला नेलं. तिथे सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून माझ्याहून मोठ्या बायका झपाझप फेऱ्या मारत होत्या. आम्ही बाकावर बसलो. मी ह्यांच्या खांद्यावर शाल नीट केली. ह्यांनी ती काढून माझ्या मांडीवर ठेवली.

बागबाजार

बागबाजारला जायचं ह्यांच्याच डोक्यातून निघालं. मराठ्यांच्या भीतीने इंग्रजांच्या काळात कोलकात्याभोवती जो खंदक खणला, तो शहराच्या उत्तर टोकाला बागबाजारपासून सुरू व्हायचा, हे ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पुढे तो बुजवला आणि त्यावर रस्ते झाले. ‘पण बुजवलेल्या खंदकाची रेघ जमिनीत राहतेच,’ हे म्हणाले. ‘बघायला पाहिजे.’ वर्षभरात ह्यांना पहिल्यांदाच काहीतरी बघायला पाहिजे असं वाटलं, त्यामुळे मला नाही म्हणवेना.

मेधाला बँकेत जायचं होतं. टॅक्सी करा म्हणाली होती, पण हे बसवर अडून बसले. जवळच्या गरियाहाटहून बस मिळाली. कंडक्टरने ह्यांना हाताला धरून वर घेतलं, ‘बागबाजार’ म्हटल्यावर मान डोलावली आणि ज्येष्ठांच्या सीटवर बसवलं. मला पुढच्या बाजूला बायकांच्या लांबट सीटवर जागा मिळाली. मध्ये माणसांची भिंत. ह्यांची काठी गर्दीत कोणाच्या पायात येईल म्हणून ती माझ्याकडे होती. ह्यांचा फोन, पैसे आणि गोळ्यासुद्धा माझ्याच पर्समध्ये, कारण हे कुठेही विसरतात असं माझं मत.

बस रडतखडत उत्तरेकडे निघाली. रस्ते अरुंद झाले, घरं जुनी दिसायला लागली, हिरव्या झडपांच्या खिडक्या आल्या. मग एका मोठ्या चौकात बस थांबली आणि कंडक्टर माझ्या दिशेने बघून ओरडला, ‘काकू! ओ काकू! नामून, नामून!’

नामून म्हणजे उतरा, एवढं मला मेधाकडून कळलं होतं. आणि काकू मी असणारच. माझ्या वयाची बाई दुसरी कोण होणार? मी ताडकन उठले. मागे वळून ‘अहो, चला, उतरायचंय,’ असं मोठ्यांदा सांगितलं, काठी उंच धरली आणि लोकांनी वाट करून दिली तशी खाली उतरले. माझ्यामागून छत्री बगलेत मारलेले एक धोतरवाले वृद्ध गृहस्थ उतरले. त्यांच्यामागून आता हे उतरतील म्हणून मी हात पुढे केला, तर कंडक्टरने बसच्या पत्र्यावर थाप मारली आणि बस निघून गेली.

मी ओरडले. मराठीत ओरडले, हिंदीत ओरडले. धावण्याचा प्रयत्न केला तर गुडघ्यातून अशी कळ आली की खांबाला धरून उभी राहिले. मग फोनची आठवण झाली. ह्यांना फोन लावला, आणि तो माझ्याच पर्समध्ये वाजला.

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की ह्यांच्याजवळ काठी नाही, फोन नाही, पैसे नाहीत आणि मी नाही. वर्षभर मी ज्या गोष्टीला घाबरत होते ती ही अशी भर दुपारी, उजेडात झाली होती. मी न्हाणीघराचं दार ढकललं होतं तो क्षण मला आठवला. हे ओल्या फरशीवर पडलेले होते आणि मला बघून म्हणाले होते, ‘घाबरू नकोस.’ मी तेव्हापासून एकही दिवस घाबरल्याशिवाय काढलेला नाही.

मेधाला फोन केला.

‘काकू?’ ती म्हणाली. ‘अगं आई, बंगालीत काकू म्हणजे काका! तो त्या धोतरवाल्यांना सांगत होता. तुला म्हणायचं असतं तर माशीमा म्हणाला असता.’

आता ह्याला काय म्हणावं? सबंध आयुष्य लोकांनी मला काकू म्हटलं आणि इतक्या लांब येऊन ती पदवी पुरुषांची निघाली.

‘तू श्यामबाजारला उतरलीस,’ मेधा म्हणाली. ‘बागबाजार तिथून जवळ आहे. बस तिथेच संपते. बाबा तिथेच असतील. मी निघते, पण मला वेळ लागेल. तू रिक्षा बघ.’

त्या चौकाला पाच रस्ते फुटतात. मधोमध घोड्यावरचा पुतळा आहे. घोड्यावरचा पुतळा म्हटला की आपल्याला एकच नाव सुचतं, मी नकळत हात जोडले आणि मग बघितलं तर ते दुसरेच. रिक्षावाल्यांना मी काय सांगतेय ते कळेना की ऐकूच येईना, कोण जाणे. शेवटी चालायला लागले. फुटपाथची कड उंच होती. तिथून रस्त्यावर पाऊल टाकायचं तर उजवा गुडघा वाकायला तयार नाही. मी तिथेच उभी राहिले. दर वेळी अशा ठिकाणी ह्यांचा दंड धरून मी ‘हं, सावकाश, आता उतरा’ म्हणायचे. ह्यांना उतरवते आहे अशी माझी समजूत. आता धरायला दंड नव्हता तर मलाच उतरता येत नव्हतं. शेवटी ह्यांची काठी टेकली आणि उतरले. काठी माझ्या उंचीला थोडी जास्त होती, पण चालली.

बागबाजारच्या रस्त्याला लागले तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना जुनी घरं, आणि प्रत्येक घराच्या दाराशी लाल सिमेंटचा रुंद ओटा. त्यांना तिथे रक म्हणतात. जवळजवळ प्रत्येक ओट्यावर म्हातारी माणसं बसलेली. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा भरवायचा तर हॉल लागतो, अध्यक्ष लागतो, शाल आणि नारळ लागतो. इथे फक्त ओटा लागत होता. मी प्रत्येक ओट्याकडे बघत, प्रत्येक टोपीखालचा चेहरा तपासत चालले होते. बसच्या शेवटच्या थांब्यावर पोचले तर तिथे दोन रिकाम्या बसगाड्या आणि एक झोपलेला कुत्रा. हे नव्हते.

मी पुन्हा मेधाला फोन लावणार तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. तो आवाज मी इतक्या दिवसांत ऐकला नव्हता की पहिल्यांदा ओळखताच आला नाही.

शेजारच्या गल्लीत, तिसऱ्या घराच्या ओट्यावर हे बसले होते. हातात मातीचं चहाचं भांडं, शेजारी तीन म्हातारे. ह्यांची मिरजेची हिंदी आणि त्यांची बंगाली हिंदी ह्यांची जुगलबंदी चालली होती.

‘अगं, ये, ये,’ हे म्हणाले. ‘चहा घे. हे सान्यालबाबू. खंदक अगदी इथूनच जायचा म्हणतात.’

सान्यालबाबू उठून उभे राहिले आणि हात जोडले. ‘आपनार मिसेस? आइए, आइए. आप लोग तो बोर्गी हाय! हमारा दादी हमको आपका नाम से डराके सुलाता था.’ बोर्गी म्हणजे बंगालवर चालून गेलेले आपले मराठे बारगीर.

मी काठी पुढे केली. ह्यांनी ती घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग मला रडू आलं. तीन परक्या माणसांसमोर, ओट्याच्या कडेला बसून मी रडले, आणि सान्यालबाबूंनी गडबडीने माझ्यासाठी चहा मागवला.

‘उतरलात कसे?’ जरा शांत झाल्यावर मी विचारलं.

‘पायांनी,’ हे म्हणाले.

‘थट्टा नको.’

‘अगं, खरंच. तू उतरलीस ते मला दिसलंच नाही. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. कंडक्टर म्हणायला लागला, काकू, ओ काकू. मी मागे वळून बघितलं. म्हटलं, रिकाम्या बसमध्ये ही काकू कोण राहिली? सीटखालीसुद्धा बघितलं. तो माझ्याकडे बघतोय, मी काकूला शोधतोय. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला काकू. तेव्हा कळलं की काकू मीच. दांड्याला धरून उतरलो. उभा राहिलो. तू नव्हतीस.’

‘मग?’

‘मग काय, भिंतीला धरून चालायला लागलो. जरा वेळाने भिंत संपली. पुढे बघतो तर मी चालतच होतो.’

हे सांगताना ह्यांचे डोळे असे चमकत होते की मला त्यांचा राग आला. हो, रागच आला. मी गुडघा ओढत सबंध बागबाजार पालथा घातला आणि इथे ह्यांची मजा चालली होती. तो राग चहाबरोबर थोडा खाली गेला. मग सान्यालबाबूंनी सगळ्यांना उठवलं आणि खंदकाची रेघ दाखवायला नेलं. हे एक डोळा बारीक करून रस्त्याकडे बघत होते, उतार कुठे आहे, वळण कुठे आहे हे त्या म्हाताऱ्यांना समजावत होते, आणि ते मान डोलावत होते. मला तिथे एक साधा रस्ता आणि त्यावरून चाललेली वाहनं दिसली. मेधा पोचली तेव्हा आमची वरात कचोरीच्या दुकानापाशी होती.

बाजाराची पिशवी

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून, स्वेटर घालून दाराशी उभे राहिले. हातात मेधाची नायलॉनची पिशवी.

‘जरा बाजारात जाऊन येतो.’

‘थांबा, मी येते,’ मी म्हणाले.

‘तू नको.’

‘अहो, एक दिवस जमलं म्हणून काय रोज जमतं? ती गर्दी, तो मासळीबाजारातला ओला रस्ता. पुन्हा पडलात तर? पुन्हा मला नाही हो बघवणार. मला नाही जमणार ते.’

मेधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पण मध्ये पडली नाही. हे पिशवी हातात घेऊनच खुर्चीवर बसले.

‘पडेन कदाचित,’ हे म्हणाले. ‘नाही पडणार असं तुला लिहून देता येत नाही. पण त्या खोलीत बसून बसून मला सकाळी उठावंसं वाटेनासं झालं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू इतकं करत होतीस, कसं सांगणार? आणि एक सांग, तुझा गुडघा कधीपासून दुखतोय?’

‘माझा कुठे?’

‘काल तू माझी काठी टेकत आलीस. वर्षभर तू माझ्या पायाकडे बघत होतीस, तुझ्या पायाकडे बघायला कोणी नव्हतं.’

मी आत जाऊन काठी आणली, ह्यांचा फोन आणि थोडे पैसे ह्यांच्या खिशात ठेवले आणि म्हणाले, ‘कोथिंबीर आणा. मेथी नको.’

लिफ्टच्या जाळीचा खडखडाट ऐकला. गॅलरीत जायचं नाही असं ठरवलं आणि मग गेलेच. खाली माकडटोप्यांच्या त्या मिरवणुकीत एक उघडं टक्कल चाललं होतं, सावकाश, कडेकडेने. कोपऱ्यावर थांबलं, मोटारी जाऊ दिल्या आणि वळलं. पुढचं मला दिसत नव्हतं. मी आत येऊन कणीक मळायला घेतली. मेधा म्हणाली, ‘आई, ही दुसऱ्यांदा मळतेयस.’ पहिली मळलेली शेजारीच झाकून ठेवली होती.

हे आले ते केळफूल घेऊन. कोथिंबीर विसरले. भलंमोठं केळफूल, साफ करायला अख्खी दुपार जाणार.

‘हे निवडणार कोण?’ मी विचारलं.

‘मी,’ हे म्हणाले, आणि खरोखरच वर्तमानपत्र पसरून, हाताला तेल लावून बसले. प्रत्येक फुलातला तो कडक दांडा काढायचा असतो, हे त्यांना भाजीवाल्याने करून दाखवलं होतं. मेधाने भाजी केली तिला जरा तुरट चव राहिली होती, पण आम्ही दोन वेळा घेतली.

मग ते रोजचंच झालं. हे बाजारात जायचे. मीही एकदा हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. गुडघ्यासाठी व्यायाम सांगितले, ते दोघं मिळून गॅलरीत करायला लागलो. समोरच्या इमारतीतल्या एक माशीमा आमच्याकडे बघून त्यांच्या गॅलरीत हात वर करायला लागल्या. आम्ही त्यांच्याशी कधी बोललो नाही.

शेवटची बस

निघायच्या आदल्या दिवशी सान्यालबाबूंचा निरोप घेऊन बागबाजारहून परतत होतो. ह्या वेळी मेधा बरोबर होती. निघताना मी सवयीने ‘येतो’ म्हणाले, तर सान्यालबाबूंना आनंद झाला. त्यांच्याकडेही ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘आशी’ म्हणतात. येतो.

बालीगंज आलं. बस थांबता थांबता हे दांड्याला धरून आधीच खाली उतरले. मी पर्स आणि संदेशाचा पुडा छातीशी धरून दारात आले. ड्रायव्हरला घाई असावी, बस पुढे सरकायला लागली. कंडक्टरने पत्र्यावर जोरात थाप मारली आणि ओरडला, ‘आस्ते लेडीज! कोले बाच्चा!’

बस करकचून थांबली. मागून मेधा हसायला लागली.

‘काय म्हणाला?’ मी विचारलं.

‘हळू, बाई उतरतायत, कडेवर मूल आहे. इथे असंच ओरडतात, आई. मूल असो नसो. म्हणजे ड्रायव्हर गाडी नीट थांबवतो.’

पायरी उंच होती. मी खाली बघितलं. वर्षभर ज्याला मी कडेवर घेऊन फिरत होते तो फुटपाथवर दोन्ही पायांवर नीट उभा होता, काठी डाव्या हातात, उजवा हात माझ्याकडे केलेला.

‘उतर,’ हे म्हणाले. ‘मी आहे.’